वाफेचा हिशेब

भिवंडीस राहणाऱ्या माणसास वाफेची ओळख नव्यानें करून द्यावयास नको. परंतु जिला आपण वाफ म्हणतों ती बहुधा वाफ नसते, हें मात्र सांगावें लागतें. हिवाळ्यांत पहांटे आमच्याच तालुक्यांत अकलोलीच्या उष्ण कुंडांवर जो पांढरा पदर तरंगतो, तें थंड हवेंत पुन्हा पाणी झालेल्या सूक्ष्म थेंबांचें धुकें होय. खरी वाफ डोळ्यांस दिसत नाहीं. तिचें मोठें काम सारें पडद्याआड चालतें.

यंत्रमागांचा खडखडाट सर्वांच्या परिचयाचा आहे. पण ताण्याचें सूत मागावर चढण्यापूर्वीं त्यास खळ लावावी लागते, त्या कारखान्याकडे सहसा कोणी फिरकत नाहीं. तेथें सूत खळींत बुडून निघतें व वाफेनें तापविलेल्या पोकळ ड्रमांवरून वाळत पुढें सरकतें. एकाच पत्र्याच्या दोन बाजूंस दोन उलट क्रिया चालू असतात: बाहेर पाण्याची वाफ होते, आंत वाफेचें पाणी. वातावरणाच्या दाबाखालीं १ किलो वाफ पाणी होतांना सुमारें २२५७ किलोज्यूल उष्णता सोडते. ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅक यांनीं १७६० च्या दशकांत ओळखलेली सुप्त उष्णता ती हीच; आमच्या गांवचें सूत तिच्यावरच वाळतें.

माझ्या एका विद्यार्थ्याच्या घरीं असा कारखाना आहे. त्यानें संगणकावर ड्रमच्या अंतरंगाचें गणित मांडावयास घेतलें. या विद्येची रीत मोठी कौतुकाची आहे. सारी पोकळी लहान लहान घरांत विभागावयाची आणि प्रत्येक घरांत पाण्याचा वांटा शून्य ते एक यांमध्यें किती, याची क्षणोक्षणीं नोंद ठेवावयाची. हर्ट व निकोल्स यांनीं १९८१ सालीं ही पद्धति प्रसिद्ध केली. पण वाफेचें पाणी कोणत्या वेगानें होतें? त्यासाठीं ली यांचें १९८० चें सूत्र वापरतात: वाफेचें तपमान उत्कलनबिंदूच्या जितकें खालीं, तितका द्रवीभवनाचा वेग अधिक, आणि या सर्वांस एका गुणकानें गुणावयाचें.

हा गुणक किती घ्यावयाचा, हें सूत्र सांगत नाहीं! प्रसिद्ध झालेल्या निबंधांतून तो ०.१ पासून १ कोटीपर्यंत घेतलेला आढळतो. फार लहान घेतला, तर पाणी व वाफ यांच्या सीमेवरील तपमान भलतीकडेच जातें; फार मोठा घेतला, तर गणितच डळमळूं लागतें. म्हणून प्रयोगाशीं उत्तर जुळेपर्यंत तो बदलीत बसावें लागतें.

जुन्या वळणाच्या शिक्षकास हें ऐकून धक्का बसणें साहजिक आहे. नुसेल्ट यांनीं १९१६ सालीं थंड भिंतीवरून ओघळणाऱ्या पाण्याच्या पापुद्र्याचें गणित कागदावर सोडविलें, त्यांत असा मनाजोगता गुणक कोठेंच नाहीं. पण ती भिंत स्थिर होती. फिरत्या ड्रमांत पाणी कधीं तळाशीं सांठतें, कधीं वर चढून कोसळतें, आणि वेग वाढला म्हणजे कडेस चिकटून सर्वत्र पसरतें. तेथील वृद्ध मिस्त्री मला म्हणाले, "सर, ड्रम जड फिरायला लागला कीं समजायचं, आंत पाणी सांठलं." त्यांच्यापाशींही एक गुणकच आहे, तो त्यांच्या हातांत मुरलेला आहे, एवढेंच.

तेव्हां माझा आक्षेप गुणकावर नाहीं. ज्या मापावरून तो ठरविला, तेंच माप पुढें करून गणित खरें ठरलें असें म्हणणें, यावर आहे. मुलानें बादली आणि घड्याळ घेऊन ड्रममधून निघणारें पाणी मोजलें व गुणक बसविला. मीं त्यास म्हटलें, "आतां त्यास हात लावूं नकोस. यंत्राचा वेग बदल, उत्तर आधीं वहींत लिही, आणि मग बादली धर." त्यानें तसें केलें. मंद वेगास उत्तर बरेंच जवळ आलें. जलद वेगास सपशेल चुकलें. त्यानें दोन्ही आंकडे आपल्या प्रबंधांत शेजारीं शेजारीं छापले, याचा मला त्याच्या गुणांहून अधिक आनंद झाला.

हा आग्रह केवळ पंडिती नव्हे. सूत ओलें राहिलें तर त्यास बुरशी धरते; फाजील वाळलें तर मागावर पटापट तुटतें. तुटलेला धागा जोडेपर्यंत माग उभा राहतो, आणि कापडाच्या मापावर मजुरी घेणाऱ्या कामगाराचा तेवढा वेळ फुकट जातो. अधिक जाळलेल्या सरपणाची किंमत मालकाच्या वहींत तरी चढते. या वेळेची कोणत्याच वहींत नोंद होत नाहीं. संगणकापाशीं बसून निवडलेल्या एका आंकड्याचें ओझें अखेर कोणाच्या खांद्यावर जाईल, हें निवडणाऱ्यास ठाऊक असलें पाहिजे.

संगणकाच्या पडद्यावर लाल-निळ्या रंगांत फिरणारी ती वाफ फार मोहक दिसते. न दिसणारी वस्तु दिसूं लागली म्हणजे ती समजली असें वाटूं लागतें. आणि अशा वेळीं बादली घेऊन ड्रमपाशीं जाण्याचा कंटाळा न करणें, एवढेंच मला विद्यार्थ्यांस शिकवितां आलें तरी पुष्कळ झालें.