पाहिलेले आणि ताडलेले

संगणकात शिरलेले मालवेअर हुडकून काढणे मला आजही तितकेसे अवघड वाटत नाही. अवघड वाटते ते त्याची कैफियत प्रणालीच्या डेव्हलपरांकडे लिहून धाडणे, आणि त्यातही डोळ्यांनी पाहिलेले व मनाने ताडलेले एकमेकांत मिसळू न देणे.

२९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड यांनी एक्सझेड या संक्षेपण-प्रणालीतील चोरदरवाजाविषयी जाहीर केलेले पत्र मी त्यासाठीच वरचेवर वाचतो. एसएसएचने प्रवेश करताना ०.२९९ सेकंदांऐवजी ०.८०७ सेकंद लागतात, एवढ्याशा विलंबाचा माग काढीत ते ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांतील चाचणीच्या फायलींत दडविलेल्या कोडपर्यंत पोहोचले. आणि इतके साधूनही आपण सुरक्षा-संशोधक नाही, पुष्कळ तपासायचे राहिले आहे, असे त्यांनी स्वच्छ नमूद केले. संशय मूळ प्रकल्पाच्याच अंतःस्थांवर असल्याने त्यांनी तेथे तक्रार नोंदविली नाही, हा विवेक तर मला शोधाहूनही मोठा वाटतो.

हल्ली माझ्याकडे एक मुलगी शिकते. तिच्या मसुद्यात वाक्य होते : ‘रीस्टार्टनंतर फाइल स्वतःहून चालू होते; कशामुळे, ते अद्याप समजलेले नाही.’ मला ते सोसवेना. मी तेथे शेड्यूल्ड टास्कचे नाव घातले, तेव्हा तिने शांतपणे विचारले, ‘‘सर, हे तुम्ही पाहिलंत?’’ पाहिले नव्हते; पण पलीकडच्या जाणकाराने पत्र उघडताच आपले पांडित्य ओळखावे, नामकरणाचा मान आपल्याकडे यावा, ही हाव माझ्या अंगी मुरलेली आहे आणि वयोमानाने ती ओसरलेली नाही.

तथापि माझ्या हावेहून अधिक नुकसान करतात ते सफाईचा व्यवसाय थाटलेले लोक. यजमान घाबरलेला असतो, त्याला त्याच दिवशी हिशेब चालू हवे असतात, आणि हे गृहस्थ डिस्क पुसून, विंडोज नव्याने घालून, बिल हाती देऊन मोकळे होतात. नमुना वेगळा काढून झिपमध्ये कुलूपबंद करावा, त्याचा हॅश टिपावा, फाइलची तारीख व मूळ ठिकाण लिहून ठेवावे, याची त्यांना गरज भासत नाही. पंचनाम्यापूर्वीच मुद्देमाल जाळण्याचा हा प्रकार आहे. पुढे तोच उपद्रव शेजारच्या दप्तरात निघतो, डेव्हलपर रास्तपणे पहिल्या संगणकावरचा नमुना मागतात, आणि आम्हांला त्यांच्याकडे यजमानाच्या आठवणीखेरीज काही पाठविता येत नाही.