सपाट वाट

आमच्या हॉस्टेलमध्ये रविवारी पहाटे पाचला कुणाचा अलार्म वाजला, तर समजावं, एकतर सोमवारी सबमिशन आहे नाहीतर ट्रेक! ट्रेकचं वेड मलाही आहे. राजमाची, हरिश्चंद्रगड, कळसूबाई... दोन वर्षांत बरंच काही चढून झालं. फिरायला जाणं म्हणजे चढणं, धापा टाकणं आणि वर पोचल्यावर फोटो काढणं, अशी माझी पक्की समजूत होती. मागच्या डिसेंबरच्या सुट्टीत ती मोडली. कशी, ते सांगते. (मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घ्यावेत!)

त्या वर्षी जूनमध्ये बाबांची अँजिओप्लास्टी झाली. लहानपणी मला खांद्यावर घेऊन अंजनेरी चढलेले बाबा! डॉक्टर म्हणाले, रोज चाला, पण चढ नको. आजीचे गुडघे तर कधीपासूनच संपावर. त्यात सुट्टीला आलेला माझा सात वर्षांचा मावसभाऊ चिंटू. आता या सगळ्यांना घेऊन जायचं तरी कुठे? शेवटी आजीच म्हणाली, "मधमेश्वरला चला. तिथं काय चढायचंय? पाणी आहे अन् पाखरं आहेत." आजीचं माहेर निफाड तालुक्यातलं, त्यामुळे तिचा शब्द शेवटचा.

नांदूर मध्यमेश्वर नाशिकपासून साधारण ४०-४५ किलोमीटर. आम्ही अंधारातच निघालो. निफाडची थंडी दरवर्षी पेपरात वाचतो, ती त्या दिवशी अंगावर घेतली. गाडीच्या काचेतून द्राक्षबागा, कांद्याची शेतं, ऊस. सगळं कसं पाटासारखं सपाट! डोंगर बघायची सवय असलेल्या मला सुरुवातीला जरा बोअरच झालं. इथे बघायचं काय?

चापडगावच्या बाजूला अभयारण्याचं प्रवेशद्वार आहे. तिकीट काढून आत शिरलो. मातीची वाट, बाजूला झाडी, पलीकडे पाणी आणि त्यावर धुकं. आजी काठी टेकत, आईच्या हाताला धरून चालत होती. चिंटू पुढे पळायचा, परत यायचा. म्हणजे त्याचं अंतर आमच्या दुप्पट झालं असणार.

पाण्यात काळ्या पक्ष्यांचा एक मोठा थवा तरंगत होता. मी लगेच हुशारी दाखवली, "आजी, ते बघ, कूट!"

"कूट? दाण्याचा?" आजी म्हणाली. चिंटू इतक्या जोरात हसला की चार पक्षी उडाले. "अगं, ते वारकरी. काळं अंग, कपाळाला पांढरा टिळा, आणि कसे जथ्यानं चाललेत बघ."

मला खरंच लाज वाटली. इंग्लिश नाव पाठ, आणि आपल्याच तालुक्यातलं नाव ठाऊक नाही! मग आजीचा आणि तिथल्या गाइड दादांचा तासच सुरू झाला. लांब लाल पायांचा शेकाट्या. चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत खाणं शोधणारा चमचा. लांबलचक बोटांमुळे तरंगत्या पानांवरून न बुडता चालणारा कमळपक्षी. भाराचं क्षेत्रफळ वाढवलं की दाब कमी होतो, हे आम्ही फाउंडेशनच्या धड्यात शिकलो. तो पक्षी ते जन्मतःच शिकून आलाय. दादांच्या दुर्बिणीतून थापट्या आणि तलवार बदकंही दिसली. ही बदकं हिमालयापलीकडून हिवाळ्यापुरती येतात. चिंटूने विचारलं, "त्यांना तिकीट लागतं का?"

मी सिव्हिलची, त्यामुळे या जागेची गोष्ट मला वेगळीच वाटली. हे तळं मुळात तळं नाहीच. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजांच्या काळात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, कालव्यांना पाणी द्यायला बंधारा बांधला. नद्यांनी आणलेला गाळ त्यामागे साठत गेला. आम्हाला वर्गात शिकवतात की गाळ म्हणजे नुकसान, साठवण कमी, धरणाचं आयुष्य कमी. इथे मात्र त्याच गाळाची बेटं झाली, उथळ पाणी पसरलं, पाणवनस्पती वाढल्या. उथळ पाणी म्हटल्यावर ज्याचे जेवढे लांब पाय, त्याला तेवढ्या खोलीची जागा! १९८६ मध्ये हे अभयारण्य जाहीर झालं आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. इराणमधल्या रामसर शहरात १९७१ साली पाणथळ जागांसाठी जो आंतरराष्ट्रीय करार झाला, त्याच्या यादीत आजीच्या माहेरचा हा गाळ आहे. लोक याला महाराष्ट्राचं भरतपूर म्हणतात.

असो. खरी गोष्ट पुढेच आहे.

आई, आजी आणि चिंटू निरीक्षण मनोऱ्यापाशी बसले. बाबा म्हणाले, "चल, आपण थोडं पुढे जाऊ." आम्ही दोघंच निघालो. ट्रेकला एकामागे एक चालतो, समोर फक्त पुढच्याची सॅक दिसते. श्वासच पुरत नाही तर बोलणार काय? इथे आम्ही शेजारी-शेजारी चालत होतो. दम लागत नव्हता. त्यामुळे गप्प राहायला काही कारणच उरलं नव्हतं.

आणि माझ्याकडे सांगण्यासारखं होतं. जुलैमध्ये निकाल लागला, तेव्हा मी एम-थ्रीत नापास झाले होते. बाबा हॉस्पिटलमधून घरी येऊन महिनाही झाला नव्हता. फोनवर आईने विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "सगळं क्लिअर." नंतर एका खोट्यासाठी दहा खोटी. बॅकलॉगचा फॉर्मही मेसच्या पैशांतून वाचवून भरला. डिसेंबरमधला पेपरही काही धड गेला नव्हता.

"बाबा, माझा एम-थ्री राहिलाय. जुलैपासून."

बाबा थांबले नाहीत. वीस-पंचवीस पावलं तसेच चालत राहिले. पाण्यातून एक राखी बगळा उडाला, पुढे जाऊन बसला. मला वाटलं, ओरडले तर बरं.

"आईला माहिती आहे?"

"नाही. तुमचं नुकतंच ऑपरेशन झालं होतं, म्हणून..."

"म्हणजे माझ्या तब्येतीच्या नावावर खोटं बोललीस."

मला रडू आलं. बाबा वाटेच्या कडेला थांबले. थोड्या वेळाने, पाण्याकडे बघतच म्हणाले, "ॲडमिट व्हायच्या आधी तीन आठवडे माझ्या छातीत दुखत होतं. तुझी परीक्षा होती. मीही कुणाला सांगितलं नाही. डॉक्टर काय बोलले, ते तू ऐकलं नाहीस, बरं झालं. आता आपण दोघांनीही हा धंदा बंद करायचा."

मग त्यांनी विचारलं, नेमकं कुठे अडतं. मी लाप्लासबद्दल बोलत राहिले. बाबा कॉमर्सचे, त्यांना त्यातलं ओ की ठो कळलं नसणार. पण मनोऱ्याजवळ परत येईपर्यंत ते ऐकत होते. आईला मी तिथेच सांगितलं. आई चिडली, अगदी व्यवस्थित चिडली. आजी म्हणाली, "आधी पोहे खा, मग रागाव." डब्यातले पोहे गार झाले होते, पण सगळ्यांनी खाल्ले.

मित्रमैत्रिणींनो, गड-किल्ले सोडा असं मी म्हणत नाही, मीही सोडणार नाही. पण आपल्या ट्रेकला आपले आई-बाबा येऊ शकत नाहीत, आजी तर नाहीच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीत एकदा घरच्यांना घेऊन एखाद्या पाणथळ जागी जा. पहाटे जा, भडक कपडे नकोत, मोबाइलवर गाणी नकोत, वेफर्सची पाकिटं परत आणा. आणि चालताना वेग घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्याचा ठेवा.

हा लेख देताना माझा एम-थ्रीचा निकाल लागलेला नाही. जो लागेल तो त्याच दिवशी घरी कळवणार आहे. तोवर बाबा रोज संध्याकाळी चालायला निघाले की मला फोन करतात. पाच-सात मिनिटं आम्ही दोघं चालतो, ते तिकडे कॉलनीत आणि मी इथे हॉस्टेलच्या मागच्या रस्त्यावर. तोही रस्ता सपाटच आहे.