एका मण्यात तीन खंड

मुलांनो, गोव्यातल्या म्हापशाचा शुक्रवारचा बाजार तुमच्यापैकी कुणी पाहिला आहे का? केळीचे घड, मातीची मडकी, सुक्या मिरच्यांचे ढीग आणि मध्येच टांगलेल्या लालभडक माळा! लांबून वाटतं, मोठ्या मण्यांच्या माळाच विकायला ठेवल्या आहेत. जवळ गेलं की आंबट-तिखट वास नाकात शिरतो. हा गोव्याचा चोरीस. डुकराच्या मांसाचे तुकडे मसाल्यात मुरवायचे, स्वच्छ केलेल्या आतड्यात भरायचे, दोऱ्याने गाठी मारायच्या आणि माळ वाळवायची. झाला चोरीस!

कुणाच्या तोंडाला पाणी सुटेल, कुणी नाक मुरडेल. खायचा की नाही, हे ज्याच्या त्याच्या घरचं. पण त्याची गोष्ट सगळ्यांनी ऐकण्यासारखी आहे, बरं का!

पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा जिंकला. त्यांच्या देशात लसूण, मीठ आणि द्राक्षाची वाईन लावून धुरावर सुकवलेलं सॉसेज करत. तीच रीत इथे आली. पण इथे द्राक्षं कुठली? इथे होते माड! मग माडाच्या सुरेचं व्हिनेगर त्यात पडलं. हळद, आलं, मिरी, लवंग, दालचिनी हेही आलं. आणि तो लाल रंग? तो मिरचीचा. तुम्हांला आश्चर्य वाटेल, पण मिरची मूळची आपली नाहीच! ती अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ती इथे उतरली. त्याआधी आपला तिखटपणा मिरीवर भागत असे. म्हणजे बघा, रीत युरोपची, मिरची अमेरिकेची आणि आंबटपणा आपल्या माडाचा. एका मण्यात तीन खंड!

पण एवढा खटाटोप कशासाठी? पावसाळ्यासाठी. फ्रीज नव्हते, पावसात मासेमारी बंद. म्हणून लोक मे महिन्यातच बेगमी करत. गोव्यात तिला ‘पुरुमेंत’ म्हणतात. तुमची आजी पापड, कुरडया, सांडगे करून ठेवते ना, तसंच हे. मिठाने मांसातलं पाणी सुटतं, आंबटपणामुळे कुजवणारे जंतू वाढत नाहीत आणि ऊन किंवा चुलीचा धूर उरलेला ओलावा काढून टाकतो. म्हणून ती माळ चुलीवर टांगलेली महिनोन् महिने टिकते.

मी एकदा बाजारातल्या एका मावशींना विचारलं, ‘चांगल्या चोरीसाचं गुपित काय?’ मला वाटलं, मसाल्याचं माप सांगतील. त्यांनी सांगितलं ते व्हिनेगरचं! मसाला कुणीही वाटील, पण सूर काढणारा रेंदेर हवा. तो दिवसातून तीनदा माडावर चढतो. पाय घसरला तर जिवावरचं काम. त्याची मुलं शिकून दुसऱ्या नोकऱ्या धरतात, आणि त्यांचं तरी काय चुकलं? पण रेंदेर कमी झाले तसं कारखान्यातलं व्हिनेगर आलं, आणि चव बदलू लागली.

पदार्थ वहीत लिहून ठेवला म्हणून टिकत नाही, मुलांनो. तो करणारे हात टिकावे लागतात. तुमच्याही घरी बेगमीचा एखादा पदार्थ होत असेलच. येत्या उन्हाळ्यात आजीच्या शेजारी बसा. कोणती वस्तू कुठून येते, ती कोण आणतं, विचारा. आणि नुसतं विचारू नका, हातही लावा!