बिळाच्या तोंडाशी

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या पांढरीवर, म्हणजे जुन्या वस्तीच्या टेकाडावर, गेलो की मी आधी बिळं शोधतो. उत्खननाला परवाना लागतो, पैसा लागतो, चार महिने राबणारी माणसं लागतात. सायाळीला यातलं काही लागत नाही. जुन्या वस्तीची भुसभुशीत, राखेच्या रंगाची माती तिला उकरायला सोपी पडते. रात्रीतून ती टेकाडाच्या उतारात शिरते आणि आतला ऐवज बिळाच्या तोंडाशी आणून टाकते. सकाळी आपण फक्त गुडघे टेकून बसायचं.

बसल्यावर हात मात्र मागे ठेवायचे. आधी पाहायचं. ढिगाऱ्यात आतून काळं, बाहेरून लाल असं खापर दिसतं. भांडं उपडं घालून भाजलं की आतल्या बाजूला हवा पोचत नाही, ती काळी राहते आणि बाहेरची लाल होते. सातवाहन काळातल्या वस्तीत हे खापर हमखास सापडतं. त्याच्या शेजारी शंखाच्या बांगडीचा तुकडा. एखादं हाड. हाडाशी मी जास्त वेळ रेंगाळतो. सायाळ हाडं गोळा करून आणते आणि कुरतडत बसते. तिच्या पुढच्या दातांचे रुंद, सपाट चरे एकमेकांना लागून ओळीनं उमटतात. तरस हाडाची टोकं फोडतं, गोल खळगे पाडतं. सुरीचा वार अरुंद असतो, खोल आणि सरळ. दोन हजार वर्षांपूर्वी तेरच्या एखाद्या घरात मटण शिजलं होतं की मागच्या पावसाळ्यात एक शेळी मेली होती, याचा निवाडा या चऱ्यांवर होतो. ज्यानं जनावरं पाहिली नाहीत, त्यानं या ढिगाऱ्याच्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

त्याच ढिगाऱ्यात गुटख्याची पुडीही असते. सायाळ वरचं-खालचं सगळं एक करते. म्हणून बिळाच्या मातीवरून एवढंच म्हणता येतं, की या टेकाडाच्या पोटात सातवाहनांची वस्ती आहे. कोणत्या थरात, किती खोल, कशाच्या सोबत, ते नाही. मग मोजपट्टी ठेवून फोटो, जीपीएसचा आकडा, बिळाच्या तोंडाची दिशा, जवळ काटे किंवा लेंड्या आहेत का, त्या ओल्या की वाळलेल्या, हे सगळं वहीत. खापर होतं तिथंच.

तेरला हे सगळं का करायचं, ते ठाऊक नसणाऱ्यांसाठी थोडक्यात. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी वृत्तांतात पैठणहून पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं मोठं शहर सांगितलं आहे. तिथलं जाडंभरडं कापड आणि मलमल गाड्यांवरून भडोचच्या बंदरात जायची. हे तगर म्हणजे तेर, असं इतिहास संशोधक फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडलं. १९६०च्या दशकात पुरातत्त्वज्ञ चापेकरांनी इथं खोदकाम केलं. त्रिविक्रमाचं विटांचं देऊळ, मागून गोलाकार असलेलं, मुळात बौद्ध चैत्य असावं असं अभ्यासक मानतात. बाकी महाराष्ट्राला तेर ठाऊक आहे ते संत गोरोबाकाकांचं म्हणून, आणि त्यात काही वावगं नाही. खापरांच्या गावाला कुंभार संत लाभावा, हे मला फार आवडतं.

पहिला पाऊस झाला की उतार धुतले जातात आणि मणी उघडे पडतात. असेच मणी, मातीच्या बाहुल्या, नाणी रामलिंगाप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर जमवली. त्यांच्या नावाचं सरकारी संग्रहालय आज गावात उभं आहे. तिथल्या हस्तिदंती पुतळीसमोर मी दर वेळी थांबतो. इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पेईत सापडलेली हस्तिदंती स्त्री हिच्याच घराण्यातली वाटते. पण गावभरातून जमलेल्या अशा संग्रहातल्या बहुतेक वस्तू नेमक्या कुठल्या थरातल्या, कशाशेजारी पडलेल्या, हे आता सांगता येत नाही. यात लामतुऱ्यांना दोष नाही. पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून शेतात जात होती. त्यांनी उचललं नसतं तर ते नांगराखाली गेलं असतं. त्यांचं उचलणं त्या काळी बरोबर होतं. आज आपण उचललं तर ते चूक आहे.

येडशीच्या जंगलात हाच धडा दुसऱ्या बाजूनं शिकायला मिळतो. तिथलं रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम २२ चौरस किलोमीटरच्या आसपास. बिबट्या, तरस, लांडगा, मोर एवढ्यावर आमचं भागत होतं. डिसेंबर २०२४ मध्ये तिथल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ आला! पट्टे जुळवून पाहिले तेव्हा कळलं, की हा यवतमाळच्या टिपेश्वरचा. साडेचारशे-पाचशे किलोमीटर चालून आलेला. त्याला पकडायचे प्रयत्न झाले, तो हाती लागला नाही.

वाघ आला की जनावरं जातात, आणि मग पंचनामा. एका वस्तीवर गेलो तेव्हा वासरू ओढून रस्त्याकडेला आणून ठेवलेलं होतं. मालक म्हणाले, “सायेब, कुत्री खात व्हती, म्हणून इकडं आणलं.” त्यांचंही चुकलं म्हणता येत नाही. पण दात मानेवर कुठं लागले, ओढल्याची खूण कुठून कुठं गेली, कोणत्या झाडाआड बसून खाल्लं, ठसे येताना कसे आणि जाताना कसे, हे सगळं मूळ जागेवर राहिलं होतं. आणि तिथं तोवर गावातल्या पोरांनी फेर धरावा तशी पावलं उमटवली होती. वाघ की लांडगा की मोकाट कुत्री, हे ठरल्याशिवाय भरपाईचा कागद पुढं सरकत नाही. जनावर जागचं हलवू नये, ही अट सरकारी खाक्या वाटते, पण ती शेतकऱ्याच्याच फायद्याची आहे.

ठशांचे प्लास्टरचे साचे पूर्वी आम्हीही घेत असू. त्या साच्यांवरून वाघ मोजायची पद्धत राजस्थानातल्या सारिस्काचे वाघ संपल्याचं २००५ मध्ये उघड झाल्यावर मागं पडली आणि कॅमेरे आले. साचा उचलून कपाटात ठेवता येतो. चिखल किती ओला होता, पुढचं पाऊल किती लांब पडलं, ते कपाटात येत नाही.

प्राचीन वस्तूंचा कायदा आणि वन्यजीवांचा कायदा, दोन्ही १९७२चे. पण ते राबवणारी दोन्ही खाती, पुरातत्त्व आणि वन, आजही एकमेकांच्या दारात फारशी जात नाहीत. उत्खननाच्या तुकडीत जनावरांचा जाणकार आणि वनरक्षकांच्या प्रशिक्षणात खापरं ओळखण्याचा एखादा दिवस, एवढं झालं तरी पुष्कळ.

तोवर धाराशिवकरांना एवढंच सांगणं आहे. शेतात, ओढ्याकाठी, टेकाडावर काही दिसलं, खापर असो, नाणं असो की ठसा, तर शेजारी पेन किंवा काडेपेटी ठेवून फोटो काढा, जागा लक्षात ठेवा, आणि वस्तू तिथंच राहू द्या. जुनं काही असेल तर तेरच्या संग्रहालयात कळवा. जनावर मेलं असेल तर त्यावर काटेरी फांद्या टाकून कुत्री लांब ठेवा, पोरांना आवरा आणि आधी वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.