विमानतळ एक, इमारती दोन

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांतली मुलेही आता परदेशी असतात. आमची मुलगी मस्कतला आहे. तिच्या बाळंतपणासाठी आम्ही दोघे निघालो. नागपूरचे विमान मुंबईला सांताक्रूझच्या इमारतीशी लागले. मस्कतचे सुटणार होते सहारच्या, २०१४ साली उघडलेल्या इमारतीतून. विमानतळ एकच, पण मध्ये धावपट्ट्या. म्हणून इकडून तिकडे नेणारी बस. मी सारखा घड्याळ पाहत होतो. सौ. म्हणाली, "अहो, वडशाच्या गाडीतून चांदा फोर्टला उतरायचं नि चंद्रपूर स्टेशन गाठायचं, तसंच की हे!"

अगदी तसेच. फरक एवढाच की, गाडीमागून दुसरी गाडी येते. विमान चुकले तर हंगामभराच्या धानाचे पैसे जातात.

कृषी विस्ताराच्या नोकरीत आजवर बियाण्यांचे सांगत आलो, आज हे सांगतो. तिकीट काढतानाच दोन्ही इमारती विचारून घ्या. शक्यतो दोन्ही विमानांचे तिकीट एकत्रच काढा. वेगवेगळी असली की पेट्या उतरवून घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. परदेशी विमानासाठी सामान घेण्याची खिडकी साधारण तासभर आधीच बंद होते. मध्ये चार-पाच तास ठेवा. बसून कंटाळा येईल; पण नातवाचे तोंड वेळेवर दिसेल.