बैठकीतली चूल

आमच्या घरात सध्या एकच विषय चालू आहे. बैठकीतली चूल काढायची की ठेवायची?

चिखली तालुक्यातलं हे घर जुनं, धाब्याचं. मातीच्या जाड भिंती, वर मातीचंच सपाट छत आणि उजेड यावा, धूर जावा म्हणून छताला ठेवलेलं सवणं. पूर्वी या एकाच मोठ्या खोलीत स्वयंपाक, झोपणं, पाहुण्यांचं बसणं, सगळं व्हायचं. पुढे मागच्या बाजूला सिमेंटची खोली बांधली, तिथे गॅस आला आणि जुन्या खोलीला आम्ही बैठक म्हणू लागलो. चूल मात्र कोपऱ्यात तशीच राहिली. आता फरशी बसवायची आहे आणि गवंडी रोज विचारतो, "हिचं काय करायचं?"

मुलांच्या अब्बूंचं मत पक्कं आहे: काढून टाका, तिथे सोफा येईल. मुलं म्हणतात, ठेवा, छान दिसते. सासूबाई, म्हणजे आमच्या अम्मी, काहीच बोलत नाहीत. पहाटे उठून मुकाट्याने पऱ्हाटी मोडतात आणि अंघोळीचं पाणी त्याच चुलीवर तापवतात.

शाळेत उर्दू शिकवताना कधी कधी 'आतिशदान' हा शब्द येतो. मुलं विचारतात, हे काय असतं? मी सांगते, थंड मुलखात खोली गरम ठेवायला भिंतीत केलेली आगीची जागा. मुलं लगेच म्हणतात, म्हणजे चूल! तसं नाही. आतिशदानासमोर माणसं आरामात बसतात. चुलीसमोर बाई बसते, ती कामाला. उर्दूतलं चूल्हा आणि मराठीतली चूल एकाच घरातले शब्द आहेत. मराठीत तर भाऊ वेगळे झाले की 'चुली वेगळ्या झाल्या' म्हणतात. जनगणनेतही एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. त्यामुळे चूल काढायची म्हटलं की घरच मोडतोय असं वाटतं, हे मला समजतं.

पण धूरही समजतो. आमच्याकडे चुलीत लाकूड कमी आणि पऱ्हाट्या, तुराट्या, गोवऱ्या जास्त. कापूस वेचून झाला की शेतात उरलेली पऱ्हाटी फुकट मिळते. ती भुरभुर जळते, सारखी पुढे सारावी लागते, म्हणजे बाईला चुलीपासून उठता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2020 साली घरातल्या धुरामुळे जगात 32 लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची 2 लाखांहून जास्त मुलं होती. अम्मींचा खोकला थंडीत महिना-महिना हटत नाही. डॉक्टरांनी त्यांना विडी ओढता का म्हणून विचारलं होतं. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही.

धुराची ही गोष्ट फक्त गरिबांच्या घरातली नाही. लंडनमध्ये घरोघरी बैठकीत दगडी कोळशाची शेकोटी असायची. डिसेंबर 1952 मध्ये तिथे धुरकं असं बसलं की काही दिवसांत हजारो माणसं मेली. मग 1956 साली कायदा झाला आणि ठरवलेल्या भागांत धूर करणारं इंधन जाळायला बंदी आली. मात्र शेकोटी बदलण्याच्या खर्चाचा मोठा भाग सरकारी पैशातून दिला गेला. नुसतं 'बंद करा' म्हणून भागत नाही, हे त्यांना कळलं होतं.

आपल्याकडेही प्रयत्न झाले. वर्ध्याच्या मगनवाडीत गांधीजींच्या ग्रामोद्योगाच्या कामातून 'मगन चूल' निघाली. 1980 च्या दशकात निर्धूर चुलींची सरकारी योजना आली. पुढे 1 मे 2016 ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि 7 सप्टेंबर 2019 ला तिची आठ कोटींवी जोडणी आपल्या शेजारच्या औरंगाबादेत दिली गेली. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली 58.6 टक्केच घरं स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करताना आढळली. शेगडी घरात आली म्हणजे चूल विझली असं होत नाही. पहिला सिलिंडर येतो, दुसरा परवडावा लागतो.

आमच्या नात्यात काहीजण म्हणाले, बुजुर्गांची चूल तोडू नये, बरकत जाते. दीनमध्ये मला असं काही सापडलं नाही. उलट बुखारी शरीफमध्ये हदीस आहे की झोपताना घरात आग पेटती ठेवू नका. म्हणजे आगीबद्दल शिकवण आहे ती जपून राहण्याची. चुलीला पवित्र मानण्याची नाही. बरकत असलीच तर रांधणाऱ्या हातात आहे आणि तो हात धुरात घालवायचा नाही.

शेवटी मी अम्मींनाच विचारलं. इतके दिवस सगळे चुलीबद्दल बोलत होते, चुलीपुढे बसणारीला कोणी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "गॅस खतम हुआ तो किसकू बोलूं मैं? नंबर तुम्हारे मोबाइल में, पैसा तुम्हारे हाथ में. ये चूल्हा मेरा है."

माझ्यासाठी प्रश्न तिथे सुटला. मी समजत होते की त्यांना जुन्या दिवसांची ओढ आहे. त्यांना भीती होती दुसऱ्यावर अवलंबून राहण्याची. पऱ्हाटी त्या स्वतः आणू शकतात, मोडू शकतात, पेटवू शकतात. सिलिंडरसाठी त्यांना मुलाची वाट बघावी लागते. चूल काढली असती तर धुराबरोबर त्यांच्या हातातला हा एवढा अधिकारही गेला असता.

म्हणून आमचा निर्णय असा झाला. बैठकीतली चूल निघेल. अंगणात, भिंतीपासून दूर, टिनाच्या पत्र्याखाली आणि चारही बाजू मोकळ्या ठेवून नवी चूल घालायची. ती अम्मी स्वतः घालतील, वैलासकट. अंघोळीचं पाणी, वांग्याचं भरीत आणि ईदची देग तिथे होईल. रोजचा स्वयंपाक गॅसवर. घरात दुसरा सिलिंडर कायम भरलेला राहील, बुकिंग अम्मींच्या फोनवरून होईल आणि त्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीलाच त्यांच्या हातात दिले जातील. यातली शेवटची अट अब्बूंना जरा जड गेली. पण ती नसती तर बाकीच्याला अर्थ नव्हता.

तुमच्याही घरात अशी चूल असेल आणि काढायचं चाललं असेल, तर फरशीचा आणि सोफ्याचा विचार नंतर करा. आधी दोन गोष्टी विचारा. धूर कोणाच्या छातीत जातो? आणि चूल गेल्यावर सिलिंडर कोणाच्या हातात असेल? दोन्हीचं उत्तर एकच बाई असेल, तर खुशाल काढा.