तिचं कर्कटक

परवा माझे इअरबड्स हरवले. दोन तास चिडचिड, मग ऑनलाइन ऑर्डर, विषय संपला! पण एक कर्कटक गेलंय, ते काही केल्या मनातून जात नाही.

ते माझं नव्हतंच मुळी. साताऱ्यात सातवीच्या स्कॉलरशिपच्या तासाला शेजारच्या मैत्रिणीकडून घेतलेलं. पेन्सिलीचा तुकडा घट्ट बसावा म्हणून तिनं त्यात वहीच्या कागदाची घडी कोंबली होती. "उद्या देते गं," म्हणाले आणि राहिलंच. पुढे बाबांची बदली झाली, आमच्या सामानाबरोबर तेही सांगलीला आलं.

2019 च्या ऑगस्टमध्ये मी पुण्यात होते. आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, कृष्णा 57 च्या वर गेली. 2005 ला पाणी आमच्या गल्लीत आलं नव्हतं, म्हणून आईनं ट्रंक खालीच ठेवलेली. पाणी ओसरल्यावर वह्यांचा लगदा निघाला, कंपासपेटी नाहीच. आई गाद्या आणि फ्रिजचं रडत होती, तिला कर्कटकाचं काय सांगणार? कृष्णा साताऱ्याकडूनच इकडे येते. उलटी वाहती तर निदान ज्याचं त्याला पोचलं असतं!

दिवाळीत ती भेटली, कंदी पेढे घेऊन. हसतच म्हणाली, "माझं कर्कटक आहे का गं अजून?"

"आहे ना, आईकडे!" माझ्या तोंडून निघून गेलं.

येत्या रविवारी ती सांगलीला येतेय.